पांढऱ्या घोडीवरचा सरदार

परदेशी पाहुणे येणार म्हटल्यावर शिरगुंडीच्या लोकांनी हॅट बघायची तयारी केली होती. माघातलं कोवळं ऊन अंगावर घेत माणसं सकाळपासून चावडीपुढं ताटकळली होती. गोऱ्या बायांचे गुडघे उघडे असतात म्हणे, ते खरं की खोटं हे मरायच्या आत एकदा बघून घ्यावं, म्हणून म्हाताऱ्या धोंडुबाईनं पारावर सगळ्यांच्या आधी जागा धरली होती. आणि ताकारी स्टेशनाकडून आलेल्या छकड्यातून उतरलं कोण? तर काळी टोपी, धोतर नि बंद गळ्याचा कोट घातलेला एक ठेंगणा गृहस्थ, आणि त्याच्या मागोमाग अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळलेली, लुगड्यातली एक बाई.

"ह्ये परदेशी?" धोंडुबाई म्हणाली. "आगं बया, ही तर माझ्या सुनंपरीस मोठं कुक्कू लावून आलीया!"

"परदेशीच की ओ, आजी," छकड्यातून तिसरा उतरलेला जिनपाल म्हणाला. जिनपाल सांगलीचा हळदीचा व्यापारी. पाहुणे त्याचे. "मडगावचे वेरेकर हे. माझ्याकडनं हळद घेतात. पोर्तुगीज सरकारची रयत. येताना जकातवाल्यानं ह्यांच्या लोणच्याच्या बरणीत बोट घालून बघितलंय. आणखी काय परदेश पायजे तुमाला?"

तेवढ्यात बाईनं डोंगराकडं बघून हात जोडले. "हीच ती भूमी," ती म्हणाली, "जिथे राणीसाहेबांनी रात्रीच्या अंधारात नदी ओलांडली!"

परमुलखातली बाई पोथीसारखं बोलत होती, आणि पोथी ज्यांच्या मुलखातली ते मात्र तोंडात बोट घालून ऐकत होते.

या गर्दीत एकच माणूस असा होता, की ज्याला हॅटचं काही पडलं नव्हतं. हंबीरराव फेटा सारखा करीत उभा होता आणि फेट्याखाली घामाघूम झाला होता. ही बाई गोरी असती, टोपीवाली असती, मराठीचा एक शब्द न कळणारी असती, तर त्यानं देवीला नारळ फोडला असता.

त्याचं कारण असं. महायुद्धाची लढाई ऐन भरात होती तेव्हा एका सिनेमा कंपनीनं शिरगुंडीत तळ ठोकला होता. ऐतिहासिक चित्र होतं. डोंगर, खिंड, नदी, वड, सगळं गावाचं वापरलं. हंबीररावाकडं पांढरी घोडी होती, म्हणून कंपनीनं घोडीबरोबर हंबीररावालाही अंगरखा चढवला आणि कमरेला पत्र्याची तलवार बांधली. पुढं चित्र कोल्हापुरात लागलं तेव्हा तो एकटाच जाऊन बघून आला. बघून आला म्हणजे निम्मंच. धुरळा उठला, खिंडीतून त्याची घोडी आली, आणि घोडीवर भलताच कुणी दाढीवाला बसलेला. हंबीररावाच्या डोक्यात अशी तिडीक गेली की तो तसाच उठला आणि रंकाळ्यावर जाऊन बसला. पुढचं चित्र त्यानं बघितलंच नाही.

गावात आल्यावर लोकांनी विचारलं, "कसं हाय चित्र?"

"लय झ्याक."

"तुमी हायसा का त्यात?"

इथं 'न्हाई' म्हणायला काही खर्च नव्हता. पण हंबीरराव म्हणाला, "हाय की!"

हे दोन शब्द त्यानं उसने उचलले आणि तेव्हापासून त्यांच्यावर बसून खाल्लं. लोक त्याला 'सरदार' म्हणू लागले. पंच म्हणून त्याचं नाव आधी येऊ लागलं. गावातली जी माणसं कोल्हापूरला जात ती अंबाबाईला, नाहीतर कुस्त्यांना. थेटरात पैसे घालवणारा गडी शिरगुंडीत नव्हता. राहिला सिनेमाचा तंबूवाला. तो उन्हाळ्यात येई आणि तंबू ठोके हंबीररावाच्याच रानात. त्याला दर वर्षी सरदार पाठीवर हात ठेवून सांगे, "लढायांची चित्रं नगंत गड्या. लढाईनं लोकं कटाळल्यात. काहीतरी भक्तीचं आन."

असं सगळं नीट चाललं होतं. आणि आता ही मडगावची प्रेमावतीबाई आली होती, जिनं तेच चित्र इतक्यांदा बघितलं होतं, की नवरा म्हणे, आमच्या घरी दुधाचा रतीब एक नि थेटराचा एक.

एवढंही निभावलं असतं. पण त्याच दिवशी दहिवडीकडून लालासाहेब आला होता. लालासाहेब पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला, मिशा पांढऱ्या पण कण्यात वाक नाही असा माणूस. त्याच्या थोरल्या मुलासाठी हंबीररावाच्या मुलीचं, लीलाचं, जुळत आलं होतं. आज सुपारी फोडायची, एवढंच उरलेलं. माण तालुक्यात त्याचं घराणं मोठं, गोषा कडक. त्याला दुसरीही स्थळं आली होती, पण सोयरा सिनेमातला सरदार आहे हे कळल्यावर त्यानं ती बाजूला सारली. घरात तलवारीला गंज चढला होता. पडद्यावर का होईना, ती चालवणारा व्याही मिळतोय, हे त्याच्या मनानं घेतलं होतं. आणि लीलाचं वय असं होतं, की हे स्थळ हुकलं तर पुढच्या स्थळापुढं हंबीररावाला मान खाली घालून बसावं लागलं असतं.

त्यामुळं हंबीररावानं बेत केला होता की लालासाहेबाला वाड्यावर पान-तंबाखू देऊन बसवायचं आणि पाहुण्यांना डोंगर दाखवून परस्पर स्टेशनावर घालवायचं. पण लालासाहेब काठी घेऊन उठला.

"चला, आमीबी येतो. तुमी कुठं लढला त्ये ठिकान बघितल्याबिगर सुपारी फोडायची म्हंजे पलटनीत हजेरीचं फालीन न घेता पगार वाटन्यासारखं हाय."

नाही कसं म्हणणार? दोन छकडे जुंपले. एकात बाई, तिचा नवरा पुंडलीकबाब आणि जिनपाल. दुसऱ्यात हंबीरराव आणि लालासाहेब. दोन्हींत अंतर राहील असं बघायला हंबीररावानं गाडीवानाला डोळ्यानं सांगितलं. मागून निम्मा गाव चालत.

पहिल्यांदा नदीचा घाट झाला. बाई पायरीवर बसून डोळे टिपू लागली. "इथेच राणीसाहेबांचा पाय घसरला. महाराजांशी त्यांचं लग्न होऊन जेमतेम महिना झाला होता!"

"लगीन?" गावातला ज्योतिबा न्हावी पुढं झाला. कंपनी होती तेव्हा सगळ्या सरदारांच्या दाढ्या त्यानं केल्या होत्या. "न्हाई बाई. आदी राणी मेली. त्या वडाखाली. लय रडली मानसं. मग दोन दिसानं तिचं लगीन लागलं."

"मेल्यावर?"

"व्हय. आमी अक्षता टाकल्या की! आन लग्नाच्या दुसऱ्या दिशी ल्हान पोर हुती ती. फुलं तोडत हुती."

प्रेमावतीबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिनं चित्र पाठ केलं होतं आणि ठिकाण बघितलं नव्हतं. शिरगुंडीनं ठिकाण रोज बघितलं होतं आणि चित्र कधीच नाही. कंपनीनं ज्या क्रमानं कामं उरकली त्या क्रमानं गावाला गोष्ट कळली होती, आणि राणी मरून, लग्न होऊन, मग पोर होते, यात गावाला आजवर काही खटकलं नव्हतं. देवादिकांच्या आणि राजांच्या गोष्टीत इतकं चालायचंच.

"तुमचं काय आसंल त्ये आसू द्या," धोंडुबाईनं निकाल दिला. "आमी डोळ्यांनी बघितलंय."

लालासाहेबाला मजा वाटत होती. हंबीररावालाही जरा धीर आला. बाईचं आणि गावाचं असंच जुंपून राहिलं, तर त्याच्याकडं कुणाचं लक्ष जाणार नव्हतं. या धीरानंच घात केला.

खिंडीत पोचल्यावर बाई दोन्ही बाजूंचे खडक हातानं चाचपून बघू लागली. "अहो, पाहिलंत का," ती नवऱ्याला म्हणाली, "इथूनच धूळ उठते. आणि त्या धुळीतून ती पांढरी घोडी येते! काय घोडी ती!"

"आमचीच घोडी," हंबीरराव बोलून गेला.

बाई गर्रकन वळली. "तुमची? मग वर बसलेले ते?"

लालासाहेब काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होता. मागं निम्मा गाव. जिनपाल गालात सुपारी सरकवत म्हणाला, "सांगा की ओ, सरदार. लाजताय काय?"

"मीच," हंबीरराव म्हणाला.

"पण त्यांना तर दाढी होती."

"लावलेली."

"आणि चांगले उंच होते."

"घोडीवर मानूस उंचच दिसतंय."

बाईनं त्याला फेट्यापासून वहाणेपर्यंत न्याहाळलं, आणि दोन पावलं मागं सरली. "अगोबाई! म्हणजे तो मेला तुम्हीच? मडगावात बायका तुमच्या नावानं किती बोटं मोडतात, ठाऊक आहे? एकीनं तर पडद्यावर चप्पल फेकली होती!"

"मला? आन ती कशापायी?"

"कशापायी म्हणजे? गडाचा चोरदरवाजा शत्रूला कुणी दाखवला? महाराजांचं मीठ खाऊन जहागिरीसाठी कुणी फितुरी केली? राणीसाहेबांना रानोमाळ कुणामुळे हिंडावं लागलं?"

रंकाळ्यावर बसून आपण काय काय बघायचं घालवलं, ते हंबीररावाला आत्ता कळलं.

"कुनी दरवाजा दावला म्हनता बाई?" लालासाहेबानं विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

"ह्यांनीच!"

लालासाहेब एका धोंड्यावर बसला. "हंबीरराव, तुमी चित्र बघून आलाय न्हवं?"

"आलोय."

"आन तरीबी लोकांस्नी सांगत फिरताय?"

"आवं लालासाहेब, त्ये नाटक हाय! खोटं आसतंय समदं!"

"सरदार हुता तवर नाटक न्हवतं, आन आता नाटक झालं व्हय?"

हंबीररावानं एक पळवाट शोधून काढली. "तसं न्हवं. सरकारनं फिल्मला रेशन लावलं हुतं. चित्र आखूड करा म्हनून हुकूम आला. त्यात माझं पुढचं कापलं. पुढं मला पस्तावा हुतो, आन मीच म्हाराजास्नी वाचवतो."

"नाही हो," बाई कळवळून म्हणाली. तिला खोटं सांगवेना. "शेवटी तुमचा कडेलोट होतो."

"मग कडेलोटानंतर पस्तावले असतील की," जिनपाल म्हणाला. "खाली पोचायला वेळ लागतोच."

मागं गावात खसखस पिकली. ज्योतिबा न्हावी शेजाऱ्याला सांगत होता, "मला तवाच वाटलं हुतं. दाढी करताना मान लय हलवत हुता." चार वर्षांत 'सरदार' म्हणून ज्यांनी रामराम घातला होता, ते आता आपले किती रामराम वाया गेले ते मोजत होते.

लालासाहेब उठला. "आमचा आजा सांगायचा, आमच्या घराण्यात दरोडेखोर झाले, कर्जबाजारी झाले, दोन तर बैरागी झाले. फितूर कुनी झाला न्हाई. बायामानसांनी चुली पेटवल्या आसतील, तवा जेवतो आन निघतो. सुपारीचं बघू पुन्हा कवातरी."

'पुन्हा कवातरी' म्हणजे काय, हे मुलीच्या बापाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

जेवण मळ्यातल्या वस्तीवर होतं. विहिरीजवळ कुडाचं एक खोपट, शेजारी गुऱ्हाळाची चूल धडधडत होती. ताज्या गुळाचा वास सगळीकडं भरला होता, आणि पुरुषमाणसं आंब्याखाली कांबळं टाकून कुणी मेल्यासारखी बसली होती. विनोद महागात गेला की काय, असा जिनपालच्या तोंडावर हिशेब दिसत होता. व्याह्यांत बिनसलं तर हंबीररावाची हळद यंदा दुसऱ्या पेठेत जाणार होती.

प्रेमावतीबाई मात्र खोपट दिसताच बायकांत आत गेली. तिला तेच बघायचं होतं. चित्रात राणी वेष पालटून एका कुणब्याच्या खोपटात राहते आणि उपाशी महाराजांना भाकरी करून घालते, ते हेच खोपट. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. चंद्राबाई, हंबीररावाची बायको, सकाळपासून चुलीपुढं होती. बाहेर काय झालं ते तिला पोरींकडून केव्हाच कळलं होतं. तरी आवाजात खंड नव्हता.

आणि एकाएकी तो थांबला. आतून बाईची किंकाळी आली. पुरुष उठून उभे राहिले. विंचूच चावला असं सगळ्यांना वाटलं.

बाई दारात आली. तिनं आतल्या कुणाचा तरी हात मनगटाला धरून दाराबाहेर ओढला होता. हाताच्या मागं पदर होता, पदराच्या मागं चंद्राबाई. कोपरापर्यंत पिठानं भरलेला तो एकटा हात उन्हात आला.

"हेच! हेच हात!" बाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "ही बघा करंगळी!"

चंद्राबाईची करंगळी लहानपणी मोटेच्या नाड्यात सापडून वाकडी झाली होती. भाकरी थापताना बाकीची बोटं खाली जात, ती एकटी वर राही.

"राणीसाहेब भाकरी थापतात तेव्हा पडद्यावर नुसते हात दिसतात, एवढाले!" बाई सांगू लागली. "सगळं थेटर रडतं. ही करंगळी वर राहते ना, ती पाहून मी दर वेळी म्हणते, अशा नाजूक राणीवर काय ही वेळ!"

"खरं आहे," पुंडलीकबाब सकाळपासून पहिल्यांदाच बोलला. "ती करंगळी मीही ओळखतो. ते चित्र पाहून हिनं आमच्या घरात भात बंद करून भाकरी चालू केली होती. मी भोगलंय."

हंबीरराव बायकोच्या हाताकडं बघत होता. लग्न झाल्यापासून तो या हातचं खात होता. करंगळी वाकडी आहे हे त्याला माहीत असावं. पण ती वर राहते, हे एका मडगावकरणीनं सांगावं लागलं.

लालासाहेबानं घसा खाकरला. होणाऱ्या विहिणीशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून तो आंब्याच्या बुंध्याकडं बघून बोलला. "हात कुनाचे, त्याचा नीट खुलासा व्हायला पायजे."

आतूनही उत्तर थेट आलं नाही. "जिनपालभाऊ," चंद्राबाई म्हणाली, "त्यास्नी म्हनावं, धन्यास्नी इचारा. धनी म्हनतील त्ये खरं."

असं म्हणून तिनं हात आत ओढून घेतला.

आता सगळे हंबीररावाकडं वळले. त्यानं दोन्ही बाजू मनात मांडून बघितल्या. हात तिचे नव्हेत म्हणावं, तर घराची अब्रू झाकते, पण आपण फितूर ते फितूर राहतो. तिचे म्हणावं, तर राणीचा मान घरात येतो, पण बायकोला पडद्यावर नाचवलं म्हणून गोषा मोडल्याचा बोल. दारातून लीला दिसत होती. तिनं परातीवरून नजर उचलली नव्हती, पण परातीतलं पीठही हलत नव्हतं.

"घोडी माजी हाय," हंबीरराव म्हणाला. "वरचा गडी मी न्हवं. मी चित्रात कुठंच न्हाई. घोडीवर दुसरा बघितला आन तसाच उठून आलो, म्हनून त्यो पुढं काय करनार, त्येबी मला ठावं न्हवतं. ह्या हाताचं मलाबी आत्ताच कळतंय. पन हात हिचेच हायत."

आपण खोटं बोललो ही कबुली देणं त्याला जन्मात कधी इतकं सोयीचं गेलं नव्हतं.

लालासाहेब पुन्हा खाली बसला आणि पलटणीत चौकशी लावावी तशी चौकशी लावली. "बाई, चित्रात तोंड दिसतंय?"

"तोंड राणीचं दिसतं. मग नुसते हात."

"आवाज?"

"गाणं चालू असतं. तेही राणीचंच."

"अंगावर कपडा, दागिना कंपनीचा?"

आतून उत्तर आलं, "जिनपालभाऊ, सांगा, बांगड्या माझ्या हुत्या. कंपनीच्या माझ्या हातात जाईनात. त्या नटीला भाकरी येत न्हवती, ती रडाया लागली. म्हनून म्हनलं, द्या हिकडं. तोंडावर पदर घेऊन बसले हुते. धनी तवा डोंगरावर धुरळा उडवत हुते."

लालासाहेबानं मिशीवर हात फिरवला. "तोंड न्हाई, आवाज न्हाई, बांगड्याबी घरच्या. हात तर रानात खुरपताना वाटंचा वाटसरूबी बघतो. मग गोषा मोडला कुठं? मोडला न्हाई." त्यानं काठी आपटली. निकाल झाला. "उलट म्हाराजास्नी उपासपोटी घास घातला. ह्याच्यात कमीपना कसला?"

"आन फितूर?" हंबीररावानं भीत भीत विचारलं.

"त्यो कंपनीचा. कुठला कोन. तुमी नुसतं खोटं बोललाय. खोटं आमच्याकडंबी बोलत्यात."

लगोलग सुपारी आणली, फोडली, गूळ वाटला. जिनपालनं सगळ्यांत मोठा खडा तोंडात टाकला आणि हळदीचं दुखणं बरं झाल्यासारखा हसला. गाव लांब विहिरीपलीकडं बसलेला. त्यांना एवढंच दिसलं की भांडण मिटलं.

पंगतीत लालासाहेब हंबीररावाच्या कानाशी लागला. "एक ऱ्हायलं. आमी समद्या माण तालुक्यात सांगून बसलोय, की याही सिनेमातला सरदार हाय. औंधाला यमाईच्या जत्रंतबी सांगितलंय. आता माघारी घेतलं तर आमचं काय ऱ्हातंय? तवा तुमी आपलं सरदारच ऱ्हावा. फकस्त घोडीचा रंग सांगू नगा."

"आन तिकडं कुनी चित्र बघितलं तर?"

"मागच्या रांगंत हुता म्हनायचं. मागच्या रांगंतला सरदार कुनाला वळखू येतोय?" लालासाहेबानं भाकरी मोडली. "आन इहीनबाईंच्या हाताचं मातर कुटं बोलायचं न्हाई. गोषा मोडला न्हाई ह्ये आपल्याला कळलं; दर मानसाला कोन समजावत बसंल?"

असा करार झाला. चित्रात जो कुठंच नव्हता त्यानं सरदार राहायचं, आणि चित्रात जी होती तिनं नसायचं. दोन्ही व्याही एकमेकांवर खूश झाले.

आत प्रेमावतीबाई चंद्राबाईच्या शेजारी पाट घेऊन बसली होती. "मला त्या दिवसासारखी एक करून दाखवा ना, हळूहळू. तशीच."

"तशी कशी करू, बाई?" चंद्राबाई म्हणाली. "त्या दिशी चूल पेटवू दिली न्हवती. धुरानं त्येंचं यंत्र आंधळं हुतंय म्हने. गार तव्यावर टाकली, आन तशीच उचलून राजाच्या ताटात वाढली. कच्चं पीठ. बिचारा त्योच घास कितीतरी डाव तोंडात घेऊन थुकत हुता."

बाई म्हणाली, "थेटरात हे कळत नाही हो." आणि चुलीवरची गरम भाकरी तिनं पुढ्यात ओढली.

हंबीरराव पंगतीसाठी भाकरी न्यायला दारात आला होता. बाई भाकरीत गुंतलेली बघून त्यानं हळूच बायकोला विचारलं, "मला का सांगितलं न्हाईस इतकी वर्सं?"

"आवं, तुमी डोंगरावनं उतरला त्ये सरदार हूनच उतरला," चंद्राबाई टोपल्यात भाकऱ्या रचत म्हणाली. "सरदाराला चुलीतलं काय सांगायचं? न्या ह्या. गार हुतील."

दुपार कलल्यावर छकडा जुंपला. पुंडलीकबाब गुळाची ढेप मांडीवर घेऊन बसला. जकातवाला आता हिच्यातही बोट घालणार, असं पुटपुटत. प्रेमावतीबाई चढता चढता थांबली, वळली आणि खोपटाच्या दाराकडं तोंड करून, डोकं वाकवून तिनं नमस्कार केला. दारापुढं हंबीरराव उभा होता.

विहिरीपलीकडून गलका उठला. "आरं, सरदारास्नी नमस्कार केला! परदेशी बाईनं वाकून केला रं!" ज्योतिबा न्हावी सगळ्यांत मोठ्यांदा ओरडत होता.

हंबीररावाचा हात सवयीनं फेट्याकडं गेला. निम्म्या वाटेत त्याच्या काहीतरी ध्यानात आलं, आणि तो दारातून एक पाऊल बाजूला सरकला.

मागं दारात कोणी नव्हतं. चंद्राबाई केव्हाच विहिरीवर तवा घासायला गेली होती.